संत्र्यावरची रुई

वऱ्हाडातल्या वलगावच्या घरात माझ्या अंगाची हळद उतरायच्या आत परसातली चार संत्र्याची झाडं माझ्या वाटणीला आली. माळ्याच्या त्या घराची तशी रीतच होती. नवी सून आली की सासू तिला झाडाच्या आळ्यापाशी उभी करी, तिच्या ओंजळीवर घागर रिती करी, आणि बोटांतून गळेल ते पाणी मुळाला जाऊ देई. झाडाला सुनेचा हात कळला, असं म्हणत. तिथून पुढे बहार उतरेपर्यंत त्या झाडांना पाणी तिनंच घालायचं, आळं तिनंच उकरायचं, पिवळं पान तिनंच वेचायचं. घरातल्या दुसऱ्या कुणी खोडाला बोट लावायचं नाही. बहार भरून आला की 'हात लागला' म्हणत, आणि मग बी-बियाणं, रोपं, कलमं सगळं त्या हातात देत. माझ्या जाऊबाईंचा हात असाच लागला होता. त्यांच्या पहिल्या बहाराला लिंबोणीची फांदी ओझ्यानं मोडली, ही गोष्ट सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत. ज्यांचा हात लागत नाही त्यांचं काय होतं, ते मला कुणी सांगितलं नाही. पण शेजारच्या घरची सून चार दिवस म्हणून माहेरी गेली होती, तिच्या जागी दुसरी येऊन तिला मूलही झालं होतं, तरी ते चार दिवस अजून संपायचे होते.

मी पुण्याची. बाप देवळांतून फुलांच्या परड्या घाली आणि लोकांचं हसणं सोसून मला मुलींच्या शाळेत पाठवी. मी दुसऱ्या पुस्तकापर्यंत पोचले होते. मग पटकीच्या साथीत बाप गेला, आणि चुलत्यानं मला शाळेतून काढलं. पुस्तकाचे शेवटचे धडे राहिले ते राहिलेच. परवा अकोल्यात नातवाच्या पुस्तकात हौसेनं शोधले, तर पुस्तकच निराळं निघालं. चुलत्याचा एक ओळखीचा वऱ्हाडात कापसाला गाड्या घेऊन जाई. समुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसांत लढाई लागली होती म्हणे, आणि त्या लढाईनं वऱ्हाडच्या कापसाचं सोनं केलं होतं. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं चढली होती. त्या गाड्यांबरोबर कापूस येई तशा सोयरिकीही येत. मला गाडीत बसवताना चुलता म्हणाला होता, "आता तिकडचीच हो, पोरी. इकडं वाट बघायला कुणी नाही." त्यानं तो आशीर्वाद म्हणून दिला असेल. मी मात्र ते वाक्य वर्षभर पोटात दगड घेऊन हिंडावं तसं घेऊन हिंडले.

घर मोठं नव्हतं. सासूबाई, थोरला मुलगा, त्याची बायको यमुना म्हणजे माझ्या जाऊबाई, आणि आम्ही दोघं. सासूबाईंना मी आमच्याकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणे, त्याचंही इथे हसू होई. जाऊबाई म्हणत, "तुही भाषा आयकली का मले पोथी आयकल्यावानी वाटते वो." सासरे मी येण्याआधीच गेले होते. विहिरीपलीकडे त्यांचा वांगी, मिरची, केळी, पेरू, लिंबं असा मळा होता म्हणे. पण कापसाचा भाव चढला तसा थोरल्या मुलानं मळा मोडून तिथे कापूस पेरला. गावातल्या सगळ्याच माळ्यांनी तेच केलं. माळ्याच्या घरात आम्ही आठवडी बाजारातून सुकलेली वांगी विकत आणत असू, नाहीतर अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर. परसातली ही चार झाडं तेवढी वाचली. सासऱ्यांनी नागपुराकडून ओल्या गोणपाटात गुंडाळून, पाच मुक्काम पाणी शिंपडत ती कलमं आणली होती. मुलगा कुदळ घेऊन परसात आला तेव्हा सासूबाई आळ्यात जाऊन बसल्या आणि दुपारची भाकरही तिथेच खाल्ली, असं जाऊबाईंनी मला सांगितलं. अशी ती झाडं, आणि ती माझ्या ओंजळीवर सोपवलेली.

मृगाचा बहार चांगला धरला. दिवाळीपर्यंत फळं लिंबाएवढी झाली होती, आणि मी पाणी घालताना त्यांच्याशी पुण्याच्या भाषेत बोलत असे, कारण दुसरं कुणी ती भाषा ऐकून न हसणारं नव्हतं. मग कापूस आला. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगून कळायचं नाही. पडवीत कापूस, माजघरात कापूस, धान्याच्या कणगीवर कापूस. आम्ही झोपायचं ते कापसाच्या ढिगाच्या कडेला, आणि सकाळी एकमेकींच्या केसांतून पुंजके वेचायच्या. दिवसभर सरकी काढायचे रेचे चालत. रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे, आणि लाकडाची लाटणी एकमेकांवर घासून निघणारं ते कुईं कुईं. सगळी गल्लीच कण्हतेय असं वाटे. रुई उडून वरणात पडे, डोळ्यांत जाई, कुडाला, बैलांच्या पापण्यांना, झाडांच्या फांद्यांना चिकटे. सासूबाईंना ते बघवत नसे. "सोनं उडून राहिलं आन् ह्या पायानं तुडवतेत," म्हणून त्यांनी मला एक टोपली दिली. उडालेली रुई वेचायची, आणि तिच्या देवापुढच्या वाती वळायच्या. देवापुढचं काम मला मिळालं याचा मला केवढा आनंद झाला होता. मी अंगणातून वेची, कुडावरून वेची, आणि झाडांच्या फांद्यांवरूनही वेची. संत्र्याच्या बेचक्यांत, देठांपाशी पुंजके चांगले दाट सापडत.

संक्रांत झाली आणि फळं गळू लागली. आधी एखादं. वाऱ्यानं पडलं, असं आम्ही म्हणालो. मग रोज पहाटे आळ्यात हिरवी, अर्धी पिवळी फळं पडलेली दिसत, देठापाशी सुरकुतलेली. पानं हाताला चिकट लागत, कुणी त्यांच्यावर गुळाचं पाणी शिंपडून गेल्यासारखी. पुढे त्या चिकटपणावर काजळी धरली आणि पानं चुलीवरच्या तव्यासारखी काळी पडली. मी पाणी वाढवलं. मग भिऊन कमी केलं. शेणखत घातलं. आळ्यात वाकून झाडाची माफी मागितली. सासूबाई रोज सकाळी येत, पडलेली फळं पदरात गोळा करत आणि एक शब्द न बोलता आत जात. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. विहिरीवर बायका मला ऐकू जाईल इतक्याच हळू बोलत. एक म्हातारी म्हणाली, देशावरचा हात हाय, काळ्या मातीले कसा मानवन. मी ताटावरून तशीच उठू लागले. जाऊबाई भाकरीत जवसाची चटणी घालून गुंडाळी करून माझ्या हातात कोंबत आणि मी खाईपर्यंत समोरून हलत नसत. त्या गुंडाळ्या नसत्या तर मी आज हे लिहायला नसते.

एका संध्याकाळी दिवेलागणीला सगळी घरात होती. जाऊबाईंनी देवापुढे मी वळलेली वात लावली. वात तडतडली. आधीही माझ्या वाती कधी कधी तडतडत, त्यात सरकीचा कण राहिला असेल असं मी म्हणे. पण त्या दिवशी केस जळल्यासारखा घाणेरडा वास सुटला, ज्योत पिवळी-काळी होऊन आखडली आणि विझली. सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. त्यांनी हात सोडले नाहीत, डोळेही उघडले नाहीत. जाऊबाईंनी धांदलीनं चिंधीची वात करून दिवा पुन्हा लावला. पण जेवायला बसल्यावर सासूबाई थोरल्या मुलाला म्हणाल्या, शिवरात्र झाली का तुह्या गाड्या अकोल्याले निघतीन, तवा हिले घेऊन जाय. तिथून पुण्याकडची सोबत पाहून दे. "चार दिवस माहेराले जाऊन येईन थे."

माझा नवरा अमरावतीला राजापेठेच्या अंगाला एका आडत्याकडे कापसाच्या काट्यावर होता. आठवड्याला घरी येई. त्याला मी ते सांगितलं तेव्हा त्यानं आढ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आई म्हनते तं..." ते वाक्य त्यानं पुढे कधी पुरं केलं नाही. त्याला दोष देत नाही. तोही तेव्हा विशीच्या आतला, आणि आईच्या शब्दापुढे शब्द ठेवायची त्या घरात सवयच नव्हती. पण त्या रात्री माझ्या लक्षात आलं की मला कुणीही थांबवणार नाही, आणि चुलत्याच्या दारात मी उभी राहिले तर तो दार तरी उघडील की नाही, याची मला खात्री नव्हती. पुण्यात नवऱ्यानं टाकलेल्या बायका मी देवळाच्या पायरीवर पाहिल्या होत्या. बाप त्यांना उरलेली फुलं देई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वातीची टोपली उन्हात पालथी केली. सरकीचे कण निघतात का ते बघायचं होतं, म्हणजे निदान दिव्याचा दोष तरी धुऊन निघाला असता. रुई उन्हात पडली. मी वाकून बघत होते. थोड्या वेळानं ऊन तापलं, आणि त्या रुईतली काही रुई चालू लागली. अंगणातून वेचलेले पुंजके होते तिथेच निपचित पडले होते, आणि फांद्यांवरून वेचलेले पाय काढून, सावलीच्या दिशेनं, संथ निघाले होते. मी एक चिमटीत धरला. वरून पीठ लावल्यासारखा पांढरा, खाली चपटा, भाजल्या विटेच्या रंगाचा किडा. चिरडला तर बोटाला तांबूस पाणी. मी धावत परसात गेले आणि पहिल्यांदा झाडाकडे रुई विसरून बघितलं. देठादेठाला ते चिकटून बसले होते, तोंड सालीत खुपसून. आज कुणीही शेतकरी म्हणेल, चिकटा पडला, त्यात काय. तेव्हाही ज्वारीवरचा चिकटा सगळ्यांना ठाऊक होता. पण ते वर्षच असं होतं, की वऱ्हाडात पांढरं काही दिसलं तर तो कापूस, याविषयी कुणाच्या मनात शंकाच येत नसे. सासूबाईंचा जन्म झाडांत गेला होता. त्याही त्या फांद्यांवरून हात फिरवून 'रुई बसली' म्हणाल्या होत्या.

टोपली घेऊन मी त्यांच्यापुढे गेले. मला वाटलं होतं, आता सगळं संपलं, आता मी सुटले. त्यांनी टोपलीत वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "किडा तं हाय. पन तुह्या मामंजीनं झाडं लावले तवापासून कधी आला नव्हता. तुह्याच हाताखाली कावून आला?" "आन् थ्यो जिता किडा तू देवापुढं जाळला," असं म्हणून त्या आत गेल्या. म्हणजे खरं सापडलं आणि माझी बाजू होती त्याहून खाली गेली.

रीतीप्रमाणे बहार उतरेपर्यंत झाडं माझीच होती. तेवढं तरी कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. मी रिठे भिजवून त्या पाण्यात चिंधी बुडवून एकेक फांदी पुसायला घेतली. शिडीवरून, काट्यांनी हात ओरबाडून घेत, देठ न् देठ. संध्याकाळी झाड हिरवं दिसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग आळ्यात बसून राहिले तेव्हा दिसलं, की ते वरून येतच नव्हते. खोडाजवळच्या भेगाळलेल्या मातीतून निघत होते, अगदी बारीक, तांबूस, तिळासारखे, आणि एकामागे एक खोडावर चढत होते. जितके मी पुसावे त्याहून जास्त जमिनीत होते. तिथे मी पदर तोंडात घालून रडले. आळं बोटांनी उकरलं, माती उन्हात पसरली, उकळतं पाणी ओतायचं मनात आलं, पण मुळं भाजतील म्हणून हिंमत झाली नाही. शिवरात्र जवळ येत चालली होती. परसाच्या भिंतीपलीकडे अकोल्याच्या गाड्यांसाठी बोजे बांधायचं काम सुरू झालं होतं, आणि प्रत्येक बोजा आवळताना माणसं जी हाळी देत ती माझ्या बरगड्यांवर बसे.

त्या गाड्यांना वंगण घालणारा गडी एकदा पाणी प्यायला परसात आला आणि जाताना काळा हात झाडाच्या खोडाला पुसून गेला. सासूबाईंनी त्याच्या सात पिढ्या काढल्या. मी तो डाग रिठ्याच्या पाण्यानं पुसायला गेले, तर डागाच्या खालच्या कडेला ते तिळासारखे किडे अडकलेले, पाय रुतलेले, आणि त्यांच्या मागचे खालच्या खाली घुटमळत होते. एकही वर गेलेला नव्हता. मी चिंधी खाली ठेवली. मला वंगण हवं होतं.

वंगण एरंडेलाचं, आणि ते असे गाडीखाली टांगलेल्या बांबूच्या नळ्यात. नळा थोरल्या दिराच्या ताब्यात. वऱ्हाडात नवऱ्याच्या थोरल्या भावाला भासरा म्हणतात, आणि भासऱ्यासमोर धाकटीनं तोंड उघडायचं नसतं, पदर ओढून भिंतीला लागायचं असतं. मी जाऊबाईंना सांगितलं, जाऊबाईंनी त्यांना. ते पडवीत बसले होते, मी दाराआड होते, आणि मला ऐकू यावं म्हणूनच ते मोठ्यानं बायकोला म्हणाले, "पुस तिले, झाडाले चाकं लावून अकोल्याले नेतं का काय?" पडवीतली माणसं हसली. जाऊबाई हसल्या नाहीत. त्या तिथेच उभ्या राहिल्या, माझ्यासाठी चटणीची गुंडाळी घेऊन उभ्या राहत तशाच. शेवटी ते म्हणाले, "नव्या वंगनाले हात लावाचा नाही. आखाचं खरडून टाकतो थे ने म्हना."

आखाचं, म्हणजे चाकांच्या कण्याचं, ते खरडलेलं मी खापरीत गोळा केलं. काळं, जळकं, रेतीनं भरलेलं. प्रत्येक खोडाला कमरेएवढ्या उंचीवर जुन्या लुगड्याची पट्टी बांधली आणि वरून ते चोपडलं. दुसऱ्या दिवशी किडे पट्टीच्या खालून, सालीच्या चिरांमधून सरळ पलीकडे निघालेले. पट्ट्या सोडल्या, चिरांत शेणमाती लिंपली, वाळू दिली, पुन्हा बांधल्या, पुन्हा चोपडल्या. मग रेच्यांची धूळ आणि खरी रुई त्यावर बसे आणि एका दिवसात ते असं कोरडं होई की किडे वरून चालत जात. मी रोज खरवडून पुन्हा चोपडी. हात कोपरापर्यंत काळे. त्या हातांनी भाकरी थापायची नाही, म्हणून चुलीपासूनही मला दूर केलं गेलं. लोक येऊन झाडांच्या कमरेला बांधलेल्या त्या काळ्या पट्ट्या बघत आणि विचारत, सुतक हाय का? फळं गळतच होती. म्हणजे असं मला वाटत होतं. मी खालीच बघत होते, भीतीनं. कुठल्या झाडाखाली किती, हे बघायचं भान मला नव्हतं.

ते भान सासूबाईंना होतं. शिवरात्र होऊन गेली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या निघायच्या होत्या. माझं गाठोडं बांधून झालं होतं. त्यात मी आणलेलं सगळं होतं, आणि दिलेलं काही घेतलं नव्हतं, कारण घ्यावं की न घ्यावं हे कुणाला विचारायचं ते कळेना. सासूबाई रोजच्यासारख्या फळं वेचायला परसात आल्या. तीन झाडांखालून त्यांनी फळं उचलली. विहिरीजवळच्या चौथ्या झाडाखाली वाकल्या आणि तशाच राहिल्या. तिथे काही पडलेलं नव्हतं. त्यांनी वर बघितलं. मग खोडाजवळ गेल्या, पट्टीवर बोट लावलं, बोटाचा वास घेतला, पुन्हा बाकीच्या तिघांकडे आल्या. मी शिडीवर होते. सरपणासाठी काढून आणलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, दर वर्षीसारख्या त्या तीन झाडांना टेकवून रचलेल्या होत्या. विहिरीजवळ ओल असते म्हणून त्या झाडाला तेवढ्या टेकवल्या नव्हत्या. सासूबाईंनी एका पऱ्हाटीवर बोट ठेवलं, आणि ते बोट हळूहळू वर सरकू लागलं. बोटापुढे एक किडा चालला होता. पऱ्हाटीवरून तो पट्टीच्या वर, थेट फांदीवर उतरला. माझं वंगण त्यानं बघितलंसुद्धा नाही.

त्यांनी पदर खोचला आणि पऱ्हाट्या ओढायला लागल्या. एकट्या, त्या वयात, काटक्यांनी हात सोलून घेत. मी शिडीवरून उतरून मदतीला गेले तर माझ्याकडे न बघता दुसरं टोक धरायला जागा सोडली, इतकंच. दोघींनी मिळून तो ढीग भिंतीपाशी नेऊन टाकला. शेवटची मोळी टाकल्यावर त्या आत गेल्या, आणि जेवताना गाड्यांबद्दल एक शब्द निघाला नाही. निघाला नाही म्हणजे बेत बदलला, असं मला मुळीच वाटलं नाही. त्या घरात ठरलेलं पुन्हा बोलून दाखवत नसत.

सकाळी बैल जुंपले. बोज्यांच्या मागे माझ्यासाठी बसायला बित्ताभर जागा ठेवली होती. जाऊबाईंनी वाटेची शिदोरी माझ्या हातात ठेवली आणि तोंड फिरवून गोठ्याकडे निघून गेल्या. माझा नवरा आदल्या दिवशीच घरी आला होता. तो जू पुन्हा पुन्हा तपासत होता, तपासायचं काही नसताना. मी वर चढून बसले आणि पदर पार हनुवटीखाली ओढला. भासऱ्यांनी गाडीखाली वाकून हात फिरवला, मग दुसऱ्या बाजूनं वाकून बघितलं.

"आई, वंगनाचा नळा कोनं काढला वो?"

परसातून आवाज आला, "म्या काढला. झाडाले लागते."

"मंग गाडी काय पान्यावर चालू?"

"तेल्याच्या दारावरून जाय. भरून घे."

सासूबाई दारात आल्या. नळा त्यांच्या काखेत होता, नवीन वंगणानं भरलेला, आणि पदराला काळा डाग पडला होता. त्यांनी गाडीत वर बघितलं. शिवरात्रीआधीपासून त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नव्हतं.

"तू काय पाहून राहिली? उतर. चार झाडाचे खोडं या वयात मी चोपडू का?"

भासऱ्यांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि त्यालाच म्हणाले, बरं झालं बाप्पा, वझं कमी झालं. मी उतरले. सासूबाईंच्या हातून नळा घेतला. तो जड होता आणि उन्हानं कोमट झाला होता. मला कुणी राहा म्हणालं नाही. पुढेही कधी, त्या असेपर्यंत, त्या दिवसाबद्दल बोलणं झालं नाही. त्या बहाराची फळं थोडीच उतरली. हात लागला असं कुणी म्हणालं नाही, आणि मला बियाणं मिळालं ते दुसऱ्या वर्षी. पण हे सगळं मागून. त्या सकाळी मी पहिल्या झाडाशी गेले, जुनं खरवडलं आणि नवीन वंगण बोटांवर घेतलं. पाठीमागे गाड्या हलल्याचं ऐकू येत होतं, चाकं, बैलांच्या घंटा, भासऱ्यांची हाळी, मग वेशीकडचा लांब खडखडाट. मी खोडाभोवती हात फिरवत राहिले आणि वळून बघितलं नाही. बघितलं, तर गाडी थांबवून मला पुन्हा बोलावतील असं वाटत होतं.